ईमेलवरून पासपोर्ट, बँकेचे कागद पाठवायचेत, एन्क्रिप्शनचा खरंच किती उपयोग? (सल्ला हवा)

कोरीपाटी:
नमस्कार लोक्स. एका वकिलांना पासपोर्टचं स्कॅन, बँक स्टेटमेंट आणि काही मेडिकल रिपोर्ट मेल करायचेत. ते म्हणतात झिप करून पासवर्ड टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मेलने पाठवा. एवढ्याने भागतं का? पीजीपीबद्दल (मेलचा मजकूर एन्क्रिप्ट करायची एक पद्धत) वाचलं पण डोक्यावरून गेलं, आणि वकीलसाहेबांना अटॅचमेंट उघडता येते एवढंच. जाणकारांनी जरा सांगा.

रात्रपाळी:
दुसऱ्या मेलने पासवर्ड म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला अडकवायची. ज्याच्या हाती मेलबॉक्स लागला त्याला दोन्ही मेल दिसणारच ना. जपानमध्ये सरकारी खात्यांत, कंपन्यांत हीच पद्धत होती, शेवटी २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या कॅबिनेट ऑफिसने ती बंद केली. त्यात कुलूपबंद झिपच्या आत व्हायरस स्कॅनरला बघता येत नाही, म्हणून बऱ्याच ऑफिसांत असा मेल मधेच अडवला जातो आणि पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो. पासवर्ड फोन करून सांगा.

दोनठिपके:
+१, आणि थोडी भर. झिपपासवर्डची जुनी एन्क्रिप्शन पद्धत, झिपक्रिप्टो, कशी फोडायची ते १९९४ सालीच छापून आलंय, तरी सेव्हन-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये झिप फॉरमॅट घेतला की आधी तीच निवडलेली असते, एईएस-२५६ (मजबूत पद्धत) आपण बदलून घ्यायचं. आणि झिपमधल्या फायलींची नावं पासवर्ड न टाकताही दिसतात, त्यामुळे "कॅन्सर_बायॉप्सी_रिपोर्ट" असं नाव दिलं असेल तर आतलं वाचायची गरजच काय! नावं झाकायची तर त्याच सॉफ्टवेअरचा सेव्हन-झेड फॉरमॅट घ्या आणि फाइलनावं एन्क्रिप्ट करायच्या चौकोनात टिक करा.
पासवर्ड म्हणून जन्मतारीख अजिबात नको. फाइल एकदा दुसऱ्याकडे गेली की तो हवे तितके अंदाज मारू शकतो, तीन चुकांनंतर लॉक वगैरे भानगड तिथे नसते. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा घेतल्या तरी साधारण साडेछत्तीस हजार होतात, कॉम्प्युटरला किस झाड की पत्ती. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, फोनवर सांगायलाही सोपे.

हिरवीशाई:
पण मेल तसाही एन्क्रिप्टेड असतो ना? मग एवढा खटाटोप कशाला?

दोनठिपके:
ते टीएलएस, म्हणजे वाटेवरचं एन्क्रिप्शन, फक्त प्रवासापुरतं. दोन्हीकडच्या सर्व्हरवर मेल पोचला की तिथे उघडाच, आणि तो वर्षानुवर्षं इनबॉक्समध्ये पडून राहतो, खरा धोका तिथे आहे. जीमेलचा कॉन्फिडेन्शियल मोडपण (फॉरवर्ड-डाउनलोड बंद करणारा) एंड-टू-एंड नाही, म्हणजे फक्त पाठवणारा-घेणाराच वाचू शकेल असा नाही, आणि समोरचा स्क्रीनशॉट काढतोच. पीजीपीत मजकूर झाकला जातो पण कुणी कुणाला कधी पाठवलं ते उघडं, सब्जेक्टही बहुतेक वेळा उघडाच. २०१८ मध्ये ईफेल नावाचं प्रकरण झालं त्यात एचटीएमएल मेलच्या वाटेने उलगडलेला मजकूर बाहेर पाठवता येत होता. शिवाय मेल उघडायची 'की' (किल्ली) हरवली तर जुने सगळे मेल गेले. दोघांनीही रोज वापरलं तर ठीक, वकीलसाहेबांच्या माथी नका मारू.

रात्रपाळी:
माझं मत विचाराल तर पीडीएफलाच ओपन पासवर्ड (फाइल उघडतानाच मागतो तो) लावा, एईएस-२५६ ने. फक्त प्रिंट-कॉपी बंद करणारा पासवर्ड लावू नका, तो नावापुरता असतो. बाकी फाइल उघडल्यावर ते प्रिंट काढून टेबलावर ठेवतील किंवा बिनपासवर्डची कॉपी सेव्ह करतील, त्यावर इलाज नाही, कुठलंच एन्क्रिप्शन तिथे पोचत नाही. म्हणून मुळात कमी पाठवा. अख्खं स्टेटमेंट हवंय की दोनच पानं, आधी विचारा.

कोरीपाटी:
दोनच महिन्यांची पानं चालतील म्हणाले, बरं झालं विचारलं. ते मोबाइलवर बघतात, उघडेल ना?

रात्रपाळी:
पीडीएफ उघडेल, पासवर्ड मागेल तेवढंच. एईएसची झिप मात्र विंडोजच्या स्वतःच्या झिपवाल्यालाही उघडत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि सब्जेक्टमध्ये नुसतं "कागदपत्रं" लिहा, पासपोर्ट-बिसपोर्ट काही नको.