मंडन भटके नव्हते
उत्तर अमेरिकेतल्या मंडन या आदिवासी लोकांना काही जण तंबूत राहणारे भटके शिकारी म्हणतात, ते पटत नाही. बायसनची, म्हणजे गव्यासारख्या रानटी प्राण्याची, शिकार ते करत, पण मुळात मिझुरी नदीकाठी गाव करून राहणारे शेतकरी. लाकडी सांगाड्यावर माती चढवलेली प्रशस्त गोल घरं, आणि ती बायकांच्या मालकीची! बायसनच्या खांद्याच्या हाडाचं खुरपं करून त्या मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल पिकवत. मका आपल्यासारखाच पेवात भरत. त्यांची भाषाही वेगळी. मराठीत ‘जातो-जाते’ बोलणाऱ्यावरून ठरतं. मंडन भाषेत क्रियापदाचा प्रत्यय ऐकणारा पुरुष की बाई यावरून. फार सुंदर गोष्ट आहे ही. १८३७च्या देवीच्या साथीत जेमतेम शे-दीडशे माणसं वाचली. शेवटचे अस्खलित भाषक एडविन बेन्सन २०१६ मध्ये गेले. त्याआधी शाळेत ते मुलांना भाषा शिकवत.