शब्दचर्चा : ‘विरल’ आम्ल की ‘सौम्य’ आम्ल?

प्रश्न : प्रयोगशाळेसाठी मराठी सूचनापत्रक लिहीत आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात पाणी मिसळून केलेल्या द्रावणाला ‘सौम्य आम्ल’ म्हणावे की ‘विरल आम्ल’? बोलताना दोन्ही शब्द ऐकू येतात. ‘दहापट विरल करा’ या सूचनेबद्दलही मला शंका आहे.

उत्तर : येथे ‘विरल’ हाच शब्द हवा. विरळ वस्ती, विरळ केस यांतला ‘विरळ’ याच शब्दाचे बोलीतले रूप आहे, आणि ठरावीक जागेत एखादी गोष्ट किती कमी आहे एवढेच तो सांगतो. त्याच्या उलट ‘संहत’, म्हणजे एकत्र दाटलेले. ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ ही जोडी मात्र आम्लाच्या स्वभावाची आहे : पाण्यात त्याचे रेणू कितपत विघटित होतात, यावर ती ठरते. म्हणून प्रतिलीटर ०.००१ मोल (मोल हे पदार्थाचे कण मोजण्याचे एकक) एवढे हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले द्रावण अत्यंत विरल असले, तरी ते आम्ल तीव्रच राहते; उलट जवळजवळ शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल, ज्याची संहती, म्हणजे ठरावीक आकारमानातले प्रमाण, सुमारे १७.४ मोल प्रतिलीटर भरते, ते सौम्य असूनही त्वचा भाजते. बाटलीवर ‘सौम्य’ वाचून कोणी हातमोजे काढून ठेवले, तर तो शब्दाने केलेला अपघात ठरेल. ‘पातळ’ हा शब्दही टाळावा, कारण मिठाचे संहत द्रावणसुद्धा पाण्यासारखेच वाहते.

प्रश्नकर्ता : आणि ‘दहापट’?

उत्तर : घोटाळा खरा तिथेच होतो. ‘दहापट विरल करणे’ म्हणजे अंतिम आकारमान मूळच्या दहापट करणे. १० मिलीलीटर द्रावणात पाणी घालून एकूण १०० मिलीलीटर करणे. ‘दहापट पाणी घालणे’ म्हटले, की १० मिलीलीटरमध्ये १०० मिलीलीटर पाणी जाते, एकूण सुमारे ११० होते, आणि प्रतिलीटर १ मोलचे द्रावण ०.१ वर न थांबता ०.०९१ पर्यंत उतरते. ही नऊ टक्क्यांची चूक अनुमापनात, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया घडवून दुसऱ्याची संहती मोजताना, लपत नाही. त्यामुळे सूचनेत ‘पट’ न वापरता थेट आकारमाने लिहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ संहती गुणिले मूळ आकारमान बरोबर नवी संहती गुणिले नवे आकारमान, या सूत्राने प्रतिलीटर १२ मोलच्या आम्लापासून ०.१ मोलचे एक लीटर द्रावण करायला ८.३ मिलीलीटर आम्ल लागते.

तुमच्या प्रश्नातले ‘आम्लात पाणी मिसळून’ हे शब्दही पत्रकात तसेच ठेवू नका. संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतल्यास एवढी उष्णता निर्माण होते, की मिश्रण उकळून अंगावर उडते. ‘आधी पाणी घ्यावे, त्यात ढवळत थोडे थोडे आम्ल सोडावे, आणि थंड झाल्यावर भांड्यावरच्या आकारमानाच्या खुणेपर्यंत पाणी भरावे’ असे क्रमाने लिहावे.