विजया, बुरशी आणि ‘निसर्गाची शुद्धता’

परळकर (धागाकर्ता):
काल येथे एका सदस्याने लिहिले, की औषधी गांजासाठी (आयुर्वेदातली ‘विजया’ ती हीच) परदेशात लावले जाणारे स्वच्छतेचे निकष म्हणजे बड्या कंपन्यांनी लहान शेतकऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी घातलेले कुंपण असून वनस्पती मुळातच शुद्ध असते. हे वाचून राहवले नाही. हीच वनस्पती जमिनीतले शिसे आणि कॅडमियम तत्परतेने शोषते; चेर्नोबिलच्या परिसरात किरणोत्सर्गाने दूषित माती स्वच्छ करण्यासाठीही ती प्रयोगादाखल लावली गेली होती. फुले नीट वाळली नाहीत तर त्यांवर ॲस्परजिलस बुरशी धरते. धडधाकट माणसाला तिचे काही वाटणार नाही, परंतु केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ती गेली तर प्राणावर बेतू शकते.

माझ्या आईच्या केमोच्या काळात आम्ही विजयेचे तेल घेतले होते. पहिली बाटली हिरवट होती, दुसरी कॉफीसारखी काळपट, आणि तिच्या तळाशी गाळ. बॅच क्रमांक तर अंगठ्याला लागून आला. विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागितला, तेव्हा आलेल्या कागदावर भलत्याच बॅचचा क्रमांक होता.

वैद्य घाटकोपरकर:
आपल्या आईंच्या अनुभवाचे वाईट वाटते, परंतु एका लबाड विक्रेत्यावरून संपूर्ण शास्त्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. विजया पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून, वाळवून, गाईच्या तुपात परतण्याचा शोधनविधी आपल्याकडे शतकानुशतके आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने पाने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली, औषध अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि कारखान्याला अनुसूची टी, म्हणजे स्वच्छ उत्पादनाचे नियम, लागू आहे. आणखी काय हवे? २०२२ मध्ये गांबियातील मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने खोकल्याच्या ज्या औषधांबद्दल इशारा दिला, ती काही आयुर्वेदाची नव्हती.

परळकर:
वैद्यराज, गांबियाचा विषय काढून आपण माझीच बाजू मांडलीत. तिथेही घटक न तपासताच माल पुढे गेला होता. तुपात परतल्याने शिसे जात नाही आणि बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष तव्याच्या आचेला दाद देत नाही. आयुर्वेदीय फार्माकोपियानेच, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथानेच, शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग आणि कॅडमियमची ०.३ भाग ठरवली आहे. नियम आपलेच आहेत. पाळले जातात का, एवढेच मी विचारतो आहे.

चेंबूरवासी:
परदेशी निकषांचे कौतुक करणाऱ्यांनी हेही सांगावे, की नेदरलँड्समध्ये औषधी फुलांवर चक्क गॅमा किरण मारतात. आम्ही ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राच्या कुशीत चाळीस वर्षे राहतो आहोत आणि किरणोत्सर्ग या शब्दाने अजूनही झोप उडते. रोग्याला तेच खाऊ घालायचे?

निवृत्त तंत्रज्ञ:
त्याच ट्रॉम्बेत १९७४ पासून ‘आयसोमेड’ या विकिरण केंद्रात शस्त्रक्रियेचे साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. वाशीला मसाल्यांचे आणि लासलगावला कांद्याचे विकिरण केंद्र आहे. किरण मालातून आरपार जातात. माल किरणोत्सर्गी होत नाही. आपण खाल्लेल्या मिरचीपुडीवरही कदाचित हाच प्रयोग झाला असेल.

चेंबूरवासी:
मला शाळकरी पोरासारखे शिकवू नका. मिरची आम्ही गिरणीवर समोर उभे राहून दळून आणतो!

निवृत्त तंत्रज्ञ:
गिरणीवाल्याच्या चाळणीत शिसे अडकत नाही. मात्र आपल्या भीतीमागे एक खरा मुद्दा आहे, तो आपणच मांडला नाहीत म्हणून मी मांडतो: किरणांनी बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेले विष तसेच राहते. त्यामुळे कोणी कुजका माल निर्जंतुक करून विकला, तर जंतुतपासणीचा अहवाल निर्मळच येईल. खरी स्वच्छता सुकवण्याच्या खोलीत ठरते, आणि मुंबईच्या जुलैमध्ये, जिथे डब्यातले पापडही मऊ पडतात, आर्द्रतानियंत्रणावाचून फुले नीट वाळवता येतील असे मला वाटत नाही.

वैद्य घाटकोपरकर:
ठीक आहे. यापुढे तेल देण्याआधी त्या बॅचचा अहवाल मागवेन. एवढ्याने येथील न्यायाधीशांचे समाधान व्हावे. लहान उत्पादकाला प्रत्येक बॅचच्या तपासणीचा खर्च कोण देणार, याचे उत्तर मात्र कोणीही दिले नाही.

परळकर:
उत्तर माझ्याकडेही नाही, हे कबूल. अहवाल आला की त्यावरचा क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा, आणि त्याआधी बाटलीवर एकदा अंगठा घासा.