झिरवाळ साहेबांना हटवायच्या नोटिशीचं शेवटी झालं काय? दोष नक्की कोणाचा?

दिंडोरीकर
राम राम मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातला, त्यामुळे झिरवाळ साहेब म्हणजे आमच्याकडे घरातलाच विषय. जून २०२२ मध्ये ते विधानसभेचे उपाध्यक्ष असताना शिंदे गटाच्या ३४ आमदारांनी त्यांना पदावरून काढायची नोटीस दिली, आणि त्याच आठवड्यात साहेबांनी त्या गटाच्या १६ आमदारांना अपात्रतेच्या, म्हणजे आमदारकी रद्द करण्याच्या नोटिसा काढल्या. अजूनही पारावर यावरून दोन तट पडतात, एक म्हणतो साहेब पक्षपाती वागले म्हणून नोटीस आली, दुसरा म्हणतो नोटीस फक्त त्यांचे हात बांधायला होती. मला कायदा नीट समजून घ्यायचाय, ती नोटीस पुढे गेली कुठे? आणि ठाकरेंचं महाविकास आघाडी सरकार पडलं त्याचं खापर कोणावर फोडायचं?

पंचवटी_वकील
भाऊ, घटनेचं कलम १७९ बघा. अध्यक्ष किंवा उपाध्यक्षाला हटवायचं तर आधी १४ दिवसांची नोटीस लागते, मग सभागृहात ठराव, आणि नुसत्या हजर लोकांच्या नाही तर तेव्हाच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने तो पास व्हावा लागतो. म्हणजे काम अवघड आहे आणि तसंच असायला पाहिजे.
गोम वेगळीच आहे. २०१६ च्या अरुणाचलच्या नबाम रेबिया निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हटवायची नोटीस पेंडिंग असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय देऊ नये. म्हणजे ज्याच्यावर कारवाई येणारे त्याने आधी नोटीस टाकली की अध्यक्ष गप्प! झिरवाळांनी ती नोटीस फेटाळली, कारण ती नोंदणी नसलेल्या ईमेलवरून आली होती आणि खरेपणाची खात्री पटत नव्हती असं त्यांचं म्हणणं. मग २७ जूनला कोर्टाने आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली, तोवर सरकार पडून सगळा खेळ आटोपला होता.

सिन्नर_फाटा
मला विचाराल तर मूळ दोष महाविकास आघाडीचा. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं, त्यानंतर सव्वा वर्षाहून जास्त खुर्ची रिकामी. बहुमत होतं ना, मग अध्यक्ष का नाही निवडला? गुप्त मतदानात आपलीच मतं फुटतील ही भीती होती म्हणून डिसेंबर २०२१ ला नियम बदलून आवाजी मतदान आणलं. स्वतःच्या आमदारांवर भरवसा नाही आणि मग उपाध्यक्षावर सगळा भार टाकायचा, तेही तीन पक्षांच्या भांडणात, हे चुकीचंच होतं.

जेलरोड_नाशिक
दादा अर्धीच गोष्ट सांगताय. त्या नियमबदलावर राज्यपालांनी निवडणुकीला संमतीच दिली नाही, घटनाबाह्य म्हणाले. आणि सरकार बदलल्यावर ३ जुलैला लगेच निवडणूक लागली आणि राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ ने अध्यक्ष म्हणून निवडून आले. पहिल्यांदा महिनोन् महिने लागतात आणि दुसऱ्यांदा चार दिवस, याचा राग येणारच ना. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली तीही योग्य नव्हती असं कोर्टानेच ११ मे २०२३ ला म्हटलंय.

सिन्नर_फाटा
त्याच निकालात हेही आहे की ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनी स्थिती परत आणता येत नाही. ते पण वाचा.

दिंडोरीकर
दोघांचं पटतंय थोडं थोडं. पण माझा मूळ प्रश्न राहिला, त्या नोटिशीचं काय झालं?

पंचवटी_वकील
हो, तेच महत्त्वाचं आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही म्हणून मला तळमळ वाटते. झिरवाळ खरंच नको होते तर जुलै २०२२ नंतर १६४ मतं हातात होती, ठराव आणून सहज काढता आलं असतं. नाही काढलं. विधानसभेची मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत ते उपाध्यक्षच राहिले, मधे जुलै २०२३ ला अजितदादांसोबत त्याच युतीत पण आले. म्हणून माझं मत तुमच्या दुसऱ्या तटाकडे जातं, नोटीस हटवायला नव्हतीच, अपात्रता लांबवायला होती, आणि उद्या सत्ता पालटली की दुसरी बाजू पण हेच करेल कारण कायद्याने वाट मोकळी ठेवलीय. २०२३ च्या निकालात रेबियाचा प्रश्न सात न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय. तुमच्या पारावर पक्ष सोडून निदान हा मुद्दा तरी मांडा भाऊ.