इंग्लंडची जुनी गावे मोटारीने: आठ दिवसांत काय पाहावे?

सातारकर: सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन मे महिन्यात लंडनहून मोटारीने सॅलिसबरी, बाथ, कॉट्सवोल्ड्स, ऑक्सफर्ड आणि यॉर्क असा बेत केला आहे. दिवस आठ असून जवळजवळ रोज नवा मुक्काम आहे. फार धावपळ होईल का? भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते ना?

पायवाट: यॉर्क उत्तरेला फार दूर आहे, ते निःसंकोच वगळा आणि बाथ व कॉट्सवोल्ड्समधले चिपिंग कॅम्डेन असे दोनच मुक्काम ठेवा. बाथला जाताना सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमध्ये १२१५ सालच्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक पाहता येते. बाथपासून जवळच असलेल्या लॅकॉकला मात्र पूर्ण दिवस द्यावा, कारण तिथल्या मठाच्या ज्या जाळीदार खिडकीचे छायाचित्र छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक फॉक्स टॅलबट याने १८३५ मध्ये टिपले, आणि ज्याची निगेटिव्ह आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुनी मानली जाते, ती खिडकी अजून जागेवर आहे. कॉट्सवोल्ड्समधल्या बायबरी गावातली विणकरांची घरे सुंदर आहेत, परंतु दुपारी तिथे जत्रा असते. सकाळी लवकर जावे.

डावीबाजू: इंग्रजीतला भारतीय परवाना तिथे बारा महिने चालतो आणि वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून असते. अडचण येते ती दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या, एकच गाडी मावेल अशा गावरस्त्यांवर; समोरून कोणी आले तर जवळच्या रुंद जागेपर्यंत मागे जावे लागते, म्हणून शक्य तितकी लहान गाडी घ्या. वेगमर्यादा मैलांत असते, हेही ध्यानात ठेवा. बाथ आणि ऑक्सफर्डमध्ये गाडी शहराबाहेरच्या पार्क अँड राइडच्या तळावर लावून बसने आत जाणे सोयीचे.

जुनी बखर: कॅम्डेनहून दोन ठिकाणे सुचवतो. सेझिंकोट ही ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलची मोगल धाटणीची हवेली. हिरवळीत तिचा तांब्याचा घुमट पाहून आई-वडील नक्की थबकतील. ती ठरावीक दिवशीच उघडी असते, तेव्हा आधी चौकशी करा. दुसरे डेल्सफर्ड. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज तिथल्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. तो १८१८ साली वारला, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी.

सातारकर: सर्वांचे आभार. यॉर्क वगळले. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. डेल्सफर्डचे नाव ऐकल्यापासून ते ऑक्सफर्डही वगळायला तयार झाले आहेत.