स्पिती ९ दिवसांत: बाबांना गोंपा, मला कनामो. जमेल का?

कोयनाकाठची (कराड):

मंडळी, सल्ला पाहिजे. मी कराडची, वय ४१. सलग चार वर्षं सातारा हिल मॅरेथॉन पळलेय, यवतेश्वरचा घाट आता पायांना पाठ झालाय. बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. बीपीची एक गोळी सोडली तर ठणठणीत, रोज पहाटे आगाशिवाच्या पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत जातात. घरात दर पौर्णिमेला वंदना असते. दीक्षाभूमी, सारनाथ, बोधगया त्यांचं झालंय. आता म्हणतात, "लेणी बघून झाली. जिथं अजून भिक्खू राहतात असा हजार वर्षांचा विहार बघू दे." म्हणून हिमाचलातलं स्पिती काढलं, तिथं असे विहार आहेत. त्यांना गोंपा म्हणतात.

बेत असा: पुणे-चंदीगड विमान, रात्रीच्या बसनं मनाली, दुसऱ्या दिवशी जीपनं कुंझुम खिंडीवरून थेट काझा. दोन दिवसांत ‘की’, धनकर आणि ताबो हे तीन गोंपा. मग बाबा किब्बर गावात होमस्टेत थांबतील आणि मी तीन दिवसांत कनामो करून येईन. शिखर जवळजवळ ६,००० मीटर आहे, पण दोर-बिर लागत नाही म्हणतात. सप्टेंबरचा पहिला आठवडा, रजा ९ दिवस. घाई होतेय का? खरं सांगा, गोड बोलू नका.

सुसाट_सांगली:

मनालीत बुलेट भाड्यानं घ्यायची आन् सुटायचं! काका मागं बसतील. लै विचार केला की ट्रिप होत नाय.

मिरजेचा_भोपळा:

सुसाट भावा, मागं बसणाऱ्याचं वय वाचलंस का?

ताई, बेत बदला. २०१८ ला आम्ही नवरा-बायको ह्याच रस्त्यानं गेलो होतो. टूरवाल्यानं पहाटे मनालीत उचललं आणि रात्री काझ्यात टाकलं. मनाली २,००० मीटर, कुंझुम साडेचार हजारांच्या वर, काझा ३,६५० च्या आसपास, सगळं एका दिवसात. बातलच्या ढाब्यावर हिनं राजमा-चावलचं ताट न बोलता माझ्याकडं सरकवलं. तिथंच मला कळायला हवं होतं, मी मात्र दोन्ही ताटं संपवली. रात्रभर डोकं धरून बसली, डोळा लागला की श्वास अडकल्यासारखी दचकून उठायची. सकाळी दवाखान्यात ऑक्सिजन, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही खाली. एकही गोंपा नाही. टूरवाला म्हणतो, "वहिनी पाणी कमी प्यायल्या."

पुढच्या वर्षी शिमल्याकडून गेलो. नारकंडा एक रात्र, कल्पा दोन, मग नाको, ताबो, आणि काझा सगळ्यात शेवटी. कल्पा तीन हजारांच्या आत, नाको ३,६०० च्या आसपास, ताबो परत ३,३०० च्या खाली. अंगाला सवय व्हायला वेळ मिळतो. आमच्या धंद्यात भोपळा घाईनं वाळवला तर तंबोरा झाल्यावर का होईना, तडकतोच. बायकोनं त्या वेळी काझ्यात तीन वेळा थुक्पा (तिकडचं नूडल्सचं सूप) मागवला, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि ‘की’ गोंपात पहाटेची पूजा चुकवू नका. मी वाद्यं करणारा, त्यामुळं कान तिकडंच. दोन लांब कर्णे, माणसाहून लांब, तोंडं जमिनीला टेकवलेली. एकाचा दम संपायच्या आधी दुसरा उचलतो, म्हणून सूर तुटतच नाही. तो सूर खर्जाच्याही खाली, कानाआधी बुडाखालच्या फळीला कळतो. मध्येच एक पोरसवदा लामा लोण्याचा खारट चहा ओतत येतो. पेला रिकामा केला की परत भरतात. मी भिडेखातर चार प्यायलो.

विश्रामबाग_डॉक्टर:

मॅरेथॉनचा इथं उपयोग नाही. हवेत प्राणवायू वरही २१ टक्केच असतो, पण दाब कमी, त्यामुळं किब्बरच्या उंचीवर समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच हाती लागतो. पळणारी माणसं उलट जास्त अडकतात, कारण पाय ऐकत असतात म्हणून ती थांबत नाहीत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच मुक्काम.

डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का आणि सल्फाची ॲलर्जी आहे का, हे दोन्ही सांगा. डायमॉक्सनं बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं.

बाबा किब्बरला एकटे आणि तुम्ही ६,००० वर, हे मला पटत नाही.

कोयनाकाठची:

डॉक्टर, शेवटचं वाक्य झोंबलं. दोन दिवस रागात होते, मग कनामो कापलं. आता धनकरहून वरच्या तळ्यापर्यंत चढाई आणि लांग्झा-हिक्कीम-कॉमिक ही वरची गावं पायी, तेही काझ्यात दोन रात्री झोपून. साहेबांशी बोलले, १३ दिवस मिळतील. जाताना शिमला-किन्नौरच.

पण दुसरंच बिनसलं. बाबांनी रात्री तिथले फोटो बघितले. कवट्यांचा मुकुट घातलेला निळा महाकाल (तिथला उग्र रक्षक देव) बघून म्हणाले, "बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढलं तेच इथं रंगवून ठेवलंय की. आपला आगाशिवाचा स्तूप बरा." आता काय सांगू?

धम्मयात्री_तासगाव:

काकांशी वाद घालू नका, मलाही पहिल्यांदा तसंच झालं होतं. आपली वंदना पालीतली, तिथला धम्म वज्रयान, म्हणजे तिबेटी परंपरेतला. तो उग्र चेहरा आपल्याच अज्ञानावर उगारलेला आहे, असं लामा सांगतात. मला अर्धंच पटलं, काकांना तेवढंही नाही पटलं तरी चालेल.

त्यांना ताबोत वेळ द्या. ९९६ सालचा विहार, बाहेरून सारवलेल्या कणगीसारखा बुटका आणि मातकट. संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेणारा भाषांतरकार रिन्चेन झांग्पो, त्याच्या काळातला. आत भिंतीवर बुद्धाचं चरित्र आहे, ते काकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि सुधनाची गोष्ट आहे. ज्ञान शोधत हा पोरगा एकेका गुरूकडं जातो, पन्नासाहून जास्त गुरू. त्यात भिक्खू आहेत तसे राजे, वैद्य, बायका, एक नावाडीसुद्धा. शाळामास्तरांना ही भिंत दाखवा आणि बाजूला व्हा. महाकाल नंतर बघू.

कोयनाकाठची:

वाचून दाखवलं. नावाडी गुरू आहे म्हटल्यावर "परत वाच" म्हणाले. आता विचारतायत, आत उजेड कितपत असतो? चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचाय त्यांना.

मिरजेचा_भोपळा:

अंधारच. फोटोला बंदी आहे, त्यामुळं मोबाईल खिशातच ठेवा आणि साधी बॅटरी न्या. नंबर मात्र जायच्या आधी महिनाभर बदला, नव्या चष्म्यानं तिथल्या पायऱ्या उतरायला लावू नका.