नुसतं ‘नको’ सांगून भागत नाही

वरती एका ताईंनी लिहिलंय की आठवी-नववीच्या पोरांना ‘लग्नाआधी शरीरसंबंध नको’ एवढंच सांगा, जास्त सांगितलं की पोरं बिघडतात. ताई, ‘थांबा’ हे मीपण सांगते, आमच्या खानापूरकडं संध्याकाळी चार-पाच मुली माझ्याकडं बसतात त्यांना पहिलं तेच सांगते, आणि १८ च्या आत संमती असली तरी पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हाच होतो हे पोरग्यांनाबी माहीत पाहिजे. पण का थांबायचं ते कोण सांगणार? एचआयव्ही असलेला माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, तोंड बघून कळत नाही. गर्भनिरोधक गोळीनं दिवस राहायचं टळतं, आजार नाही, त्याला कंडोमच लागतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लसपण ९ ते १४ वयात घेतलेली सगळ्यात चांगली.

आणि आपल्याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीला देवीच्या नावानं मुली सोडायचे, १९८२ मध्ये कर्नाटकानं कायदा करून बंदी घातली. त्या पोरींना कुणी विचारलं होतं काय, हो की नको? म्हणून मी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घेते, जबरदस्ती करणारा घरातला असला तरी फोन लावायचा म्हणून सांगते, आणि हे कन्नड शाळेतल्या मुलींनापण तेवढंच सांगायला पाहिजे.